तुम्ही विचारलंत म्हणून: माकड हसतं का?

रानातल्या माकडांच्या टोळ्यांमागे फिरण्यात माझी बरीच वर्षं गेली. हे कळलं की गप्पा कुठूनही सुरू होवोत, एका प्रश्नावर येतातच: ‘माकड दात विचकतं तेव्हा ते हसत असतं का?’ विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ ऐकायचं असतं. मला ‘हो’ म्हणता येत नाही आणि सरळ ‘नाही’ही म्हणता येत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ऱ्हीसस माकडांची, म्हणजे उत्तर भारतात सर्रास दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांची, एक टोळी होती. डबक्याकाठी एक पोक्त मादी वाकून पाणी पीत होती. मागून दुसरी मादी आली. वयानं हिच्याहून पुष्कळ लहान, पण वरच्या घराण्यातली. ती धावली नाही, गुरकावली नाही, नुसती चालत आली. पोक्त मादीनं मान वळवली, ओठ मागे ताणले. दातांच्या दोन्ही रांगा क्षणभर उघड्या पडल्या. तोंडातून आवाज नाही. मग ती हातभर बाजूला सरकली, धाकटी तिथे बसून पाणी प्यायली आणि थोड्या वेळानं दोघी एकाच दगडावर होत्या. सगळं मिळून अर्धं मिनिट झालं असेल.

ते दात विचकणं म्हणजे ‘तू मोठी, मला मान्य आहे’. ऱ्हीससांच्या टोळीत मादीचं स्थान आईकडून येतं. मुलीचा क्रम आईच्या लगेच खाली लागतो, आणि गंमत म्हणजे सख्ख्या बहिणींत साधारणपणे धाकटी वरचढ ठरते. कोण कुणाच्या वर, याचा हिशेब प्रत्येकीला पक्का ठाऊक असतो, आणि तो बिनआवाजी दात विचकून पुन्हापुन्हा कबूल केला जातो. फ्रान्स द वाल आणि लेस्ली लुट्रेल या माकडांच्या अभ्यासकांनी १९८५ साली ऱ्हीससांच्या एका गटाबद्दल नेमकं हेच मांडलं. धमक्या आणि मारामाऱ्या अधूनमधून खालून वरही होतात, पण दात विचकून दाखवण्याची दिशा उलटत नाही. ते नेहमी खालचं माकड वरच्याला दाखवतं. म्हणून टोळीतली खरी उतरंड समजून घ्यायची तर मारामाऱ्या मोजत बसण्यापेक्षा कोण कुणाला दात दाखवतंय ते बघावं, असं मला अनुभवानं वाटतं.

मोठ्या नराचे सुळे जवळून पाहिलेत तर या कबुलीची किंमत कळते. ते मांस फाडून काढू शकतात. ज्यांना रोज एकाच झाडाखाली खायचं, एकाच फांदीवर झोपायचं, त्यांना प्रत्येक वेळी लढून मोठेपणा ठरवणं परवडणार नाही. चेहरा ते काम दोन सेकंदांत उरकतो. उलट, ज्या दोघांमध्ये अशी कबुली झालेली नाही त्यांच्यात तणाव लांबत जातो. जांभया वाढतात, अंग खाजवणं वाढतं.

इथपर्यंत ऐकून लोक म्हणतात, ‘म्हणजे हसत नाही, घाबरतं.’ तिथेच मला थांबवावं लागतं, कारण हे ऱ्हीससांपुरतं झालं.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला तांगकोको नावाचं राखीव जंगल आहे. तिथे डोक्यावर तुरा असलेली काळीभोर मकाक माकडं राहतात (मकाक हा माकडांचा एक गट, ऱ्हीससही त्यातलेच). २०११ मध्ये एका काळ्या माकडाचा दात दाखवणारा ‘सेल्फी’ जगभर पसरला होता, ते याच जातीचं. या माकडांत दात विचकणं मैत्रीचं असतं. एकमेकांना भेटताना, मिठी मारताना, भांडणानंतर समेट करताना दोघंही दात दाखवतात. खालचा वरच्याला, वरचा खालच्याला. डार्विननं १८७२ सालच्या भावदर्शनावरच्या पुस्तकात याच माकडाची जोसेफ वुल्फनं काढलेली दोन चित्रं दिली आहेत, एक शांत बसलेलं आणि एक कुरवाळल्यावर सुखावलेलं. दुसऱ्या चित्रात दात दिसतात, आणि ओळख नसलेल्या माणसाला हा आनंदाचा चेहरा आहे हे कळणार नाही, असं डार्विननं तिथे नोंदवलं आहे. मला त्याच्या या बारकाईचं फार कौतुक वाटतं.

स्नायू तेच, दात तेच, अर्थ मात्र वेगळा. असं का व्हावं? बर्नार्ड थिएरी या संशोधकानं मकाकांच्या जाती चार पायऱ्यांवर मांडल्या. एका टोकाला ऱ्हीससांसारखे कडक उतरंडीचे समाज, दुसऱ्या टोकाला सुलावेसीतल्या माकडांचे सैल, सोशिक समाज. जिथे चूक केली तर चावा बसणार हे ठरलेलं आहे, तिथे खुणाही ठरलेल्या आणि स्वच्छ लागतात. जिथे वरच्यालाही खालच्याची मर्जी सांभाळावी लागते आणि भांडणाचं पुढे काय होईल हे आधी सांगता येत नाही, तिथे चेहऱ्याला जास्त बोलावं लागतं. २०२३ मध्ये ऱ्हीसस, उत्तर आफ्रिकेतले बार्बरी आणि तुरेवाल्या मकाकांच्या चेहऱ्यांची स्नायूगणिक नोंद करून तुलना झाली. तुरेवाल्यांचे चेहरे सर्वांत वैविध्याचे आणि आधी ओळखायला अवघड निघाले, ऱ्हीससांचे सर्वांत ठरावीक. या तुलनेतले ऱ्हीसस पोर्तो रिकोजवळच्या केयो सांतियागो बेटावरचे, म्हणजे १९३८ साली भारतातून नेलेल्या सुमारे ४०० माकडांचे वंशज.

म्हणून ‘हे माकड आनंदात आहे की भीतीत’ हा प्रश्न मला हल्ली अपुरा वाटतो. टोळीतली बाकीची माकडं चेहऱ्याकडे बघून पुढे काय होणार याचा अंदाज घेतात, आणि मीही तेच शिकलो. ब्रिजेट वॉलर, जेरोम मिशेलेटा या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तुरेवाल्या मकाकांना पडद्यावर चेहरे दाखवले आणि त्यापुढे काय झालं असेल याची चित्रं निवडायला दिली. चेहऱ्याला साजेसा परिणाम त्यांना ओळखता आला.

माझा सर्वांत आवडता चेहरा मात्र दातांचा नाही, ओठांचा आहे. ओठ भराभर उघडमीट होतात, जप चालल्यासारखे, आणि जवळ गेलात तर बारीक चपचप ऐकू येते. ‘मी येतोय, मनात काही नाही’ असा त्याचा भाव. ते झालं की बहुतेक वेळा केस चाळणं सुरू होतं. ऱ्हीसस आई नवजात पिल्लाचं तोंड आपल्याकडे वळवून, डोळ्यांत बघत ओठ हलवते. हे पहिल्यांदा दुर्बिणीतून पाहिलं त्या दिवशी मी वहीत एक अक्षरही लिहू शकलो नव्हतो. ओठांच्या या हालचालीचा वेग सेकंदाला साधारण पाच असतो. माणसं बोलताना अक्षरं उच्चारतात त्याचाही वेग तेवढ्याच आसपास. आपल्या बोलण्याची लय अशाच ओठ हलवण्यातून आली असावी, असं काही संशोधक मानतात. त्या आईला पाहिल्यापासून मला ते पटतं.

आणि हो, हसण्याच्या सर्वांत जवळचा चेहरा माकडांकडे आहेच. पिल्लं लोळत-चावत खेळतात तेव्हा तोंड सैल उघडं असतं आणि वरचे दात बहुधा झाकलेले. ‘चावतोय, पण खोटं खोटं’ हे त्यानं कळतं. यान व्हान हूफ या डच संशोधकानं १९७२ मध्ये मांडलं की आपलं खळखळून हसणं या खेळाच्या चेहऱ्यातून आलं आणि स्मित मात्र त्या बिनआवाजी दात विचकण्यातून. म्हणजे तुमच्या प्रश्नात मुळात दोन प्रश्न दडलेले आहेत.

आता यापुढचा प्रश्नही ठरलेला असतो: माकड समोर आलं तर आपण तोंड कसं ठेवायचं? डोळ्यांत डोळे घालून बघू नका. बहुतेक मकाकांत डोळे वटारणं ही धमकी असते. भुवया उंचावू नका. आपल्याकडे ती ओळख दाखवण्याची खूण, ऱ्हीसस आणि बार्बरी मकाकांत उघड्या तोंडासोबत ती हल्ल्याची सूचना. माकडानं तोंड गोल उघडून तुमच्याकडे रोखून पाहिलं तर ते तुमच्यावर चिडलंय. नजर बाजूला वळवा, ओठ मिटा आणि पाठ न दाखवता सावकाश मागे सरका.