मोटरहोममधलं टॉयलेट बदलताय? नागपूर–पचमढीचा घाट आम्हाला काय शिकवून गेला ते आधी वाचा

चार माणसं, धुवायला पाणी आणि १९ लिटरची टाकी असेल, तर गाडीतलं टॉयलेट एक दिवस चालतं. तीन दिवस चालत नाही. विकणारा ठासून सांगेल की चालतं, आम्हालाही सांगितलं होतं. "पाहाचं कामच नाही ताई, तीन दिवस आरामात जाते." त्याच्या भरवशावर निघालो आणि तामियाच्या पुढे जंगलात गाडी बाजूला लावून, हातमोजे घालून, रात्रीच्या अंधारात जे निस्तरावं लागलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गाडी चालवता येते, घाटाची सवय आहे आणि गाडीत पान्यांचा संच आहे हे गृहीत धरलंय. तेवढं नसेल तर हा रस्ता सध्या राहू द्या.

आमची गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेलं, आम्ही सेकंडहँड घेतलेलं मोटरहोम. आत कॅसेट टॉयलेट होतं, म्हणजे सीट जागेवर पक्की आणि खालची टाकी गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची. नागपूरचा मे महिना उघड्यावर काढल्यावर त्यातलं रबर कडक होऊन चिरलं, झडपेचा दांडा तुटला आणि शेवटी भांड्यालाच तडा गेला. तुमचं फक्त रबर गेलं असेल तर सगळं टॉयलेट बदलू नका. झडपेवरची ती गोल रबरी पट्टी सुटी मिळते आणि घरी बसवता येते. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. आणि त्या रबराला व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियममुळे रबर फुगतं. सिलिकॉनचा स्प्रे किंवा ग्रीस वापरा.

बदलायचंच ठरलं तर पर्याय चार आहेत, आणि माझं मत स्पष्ट आहे.

पहिला, पुन्हा पक्कं कॅसेट टॉयलेट. जुन्याच मॉडेलचं मिळालं तरच घ्या. यात टाकी डावीकडून निघते की उजवीकडून, बाहेरच्या दाराचं माप काय, चाकावरची कमान आड येते का, हे सगळं जुळावं लागतं. नाही जुळलं तर गाडीचा पत्रा नव्याने कापावा लागतो, आणि एकदा पत्रा कापला की पावसाळ्यात तिथूनच पाणी येतं.

दुसरा, गाडीखाली मोठी मैलाटाकी. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये छान दिसते, कारण तिथे कॅम्पसाइटवर ती रिकामी करायची सोय असते. आपल्याकडे हायवेवर अशी सोय मला कुठेही भेटलेली नाही. वर घाटातल्या दगडधोंड्यांवर ती खालून घासते. नकोच.

तिसरा, कोरडं कंपोस्टिंग टॉयलेट. लघवी वेगळी आणि मल वेगळा जमा होतो, वरून कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घालायचा, वास येत नाही असं म्हणतात. कागद वापरणाऱ्यांसाठी ते खरंही असेल. आपण पाण्याने धुतो, पाणी कोरड्या डब्यात गेलं की त्याचा चिखल होतो. घरातल्या चौघांपैकी एकानेही विसरून पाणी ओतलं की संपलं. माझ्या मते भारतीय कुटुंबाने याच्या वाटेला जाऊ नये.

चौथा, दोन भागांचं पोर्टेबल टॉयलेट. वर सीट आणि स्वच्छ पाण्याची टाकी, खाली मैल्याची टाकी, मध्ये झडप, दोन्ही भाग क्लिपने जोडलेले. आम्ही हेच घेतलं आणि हाच निर्णय बरोबर आहे. फक्त छोटं घेऊ नका. डोमेटिक कंपनीचं ९७२ हे मॉडेल सुमारे १३ इंच उंच आहे आणि त्याची खालची टाकी १० लिटरचीही नाही. ९७६ सुमारे साडेपंधरा इंच उंच, खाली जवळपास १९ लिटर. थेटफोर्ड कंपनीच्या पोर्टा पोटी ३६५ ला खाली २१ लिटर मिळतात. उंची हा चैनीचा मुद्दा नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले आहेत, १३ इंचांवर बसल्या तर त्यांना उठवायला दोन माणसं लागतात. दुकानात फोटो बघून घेऊ नका, टेप घेऊन जा, आणि ज्यांना सगळ्यात जास्त त्रास आहे त्यांना तिथेच बसवून बघा. फ्लश हाताने दाबायचा घ्या. बॅटरीवर चालणारा पंप बिघडला तर छिंदवाड्यात तो कोण दुरुस्त करणार?

आता फिटिंग, म्हणजे जिथे आम्हाला लुटलं. वाडीच्या बाजूला गाड्यांच्या बॉडीचं काम करणाऱ्या एकाने जुनं काढून नवं बसवायचे साडेसात हजार घेतले. त्यात "स्पेशल फ्लोअर क्लॅम्प, इम्पोर्टेड" असं वेगळं लावलं होतं. हे क्लॅम्प म्हणजे टॉयलेट जमिनीला धरून ठेवणाऱ्या साध्या पट्ट्या. त्या त्याने जमिनीच्या १२ मिलिमीटर प्लायवुडमध्ये नुसत्या स्क्रूने पिळल्या होत्या. खाली चासीपर्यंत काहीच नाही. वरून सिलिकॉन फासलेलं, त्यामुळे बघणाऱ्याला काम चकाचक दिसतं. बिल मागितलं तर "ताई, बिल घेतलं तर जीएसटी लागेल."

हे सगळं कळलं घाटात. नागपूर–सावनेर–सौंसर रस्ता चांगला आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जामसावळीला मारुतीचं दर्शन घेतलं, निघालो. सिल्लेवानीच्या घाटात मागून टक टक आवाज यायला लागला. भांड्यांच्या कपाटाचा असेल म्हणून ह्यांनी गाडी थांबवली, मी कपाटं तपासली, सगळी बंद होती. छिंदवाड्यात जेवलो. परासियामार्गे तामियाला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. तामियानंतर देलाखारी ते मटकुली हा जो तुकडा आहे तो नीट लक्षात ठेवा. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जंगल, एकामागून एक वळणं, आणि समोरून येणारी बस मधली रेघ सोडत नाही. एका डाव्या वळणावर मागे धाडकन आवाज झाला. थांबून दार उघडलं तर टॉयलेट जागेवरून जवळजवळ हातभर सरकून दाराला टेकलेलं. चारपैकी तीन स्क्रू प्लायसकट उपटून आले होते, चौथ्यावर सगळं वजन लोंबत होतं. भोकांच्या कडेला प्लायचा भुसा पडला होता आणि त्याच भुशात खालून गळलेलं, टाकीतल्या औषधाचं निळं पाणी मुरत होतं.

गळलं कुठून? टाकी फुटलेली नव्हती. ती काठोकाठ भरली होती. सकाळपासून चौघांनी वापरलेली, आणि फिटरने आग्रहाने लावून दिलेल्या जेटमधून दर वेळी भरपूर पाणी आत गेलेलं. त्यात भर चढाची. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, पचमढी १,०६७ मीटरवर. जसजसं वर जाल तसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, बंद टाकीतली हवा फुगते, गाडीतल्या उष्णतेने तयार होणारा वायू त्यात भर घालतो. टाकी आतून ताणलेली असते. तशात मी झडप उघडली आणि फवारा तोंडापर्यंत आला. सासूबाई बाहेर अंधारात रस्त्याच्या कडेला उभ्या, मुलगा टॉर्च धरून. त्या अवस्थेत बायकांनी काय करायचं? अंधारात झाडीमागे जावं लागू नये म्हणून तर एवढा खर्च करून टॉयलेट घेतलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

दोरीने बांधून, खाली चटई कोंबून मटकुलीपर्यंत पायी चालल्यासारखी गाडी नेली. तिथून पचमढीचा चढ तसा बरा आहे.

पचमढी नेहमीसारखी सुंदर. धूपगडला सूर्यास्त, थंडी, गरम भजी. बऱ्याच पॉइंटना खाजगी गाडी सोडत नाहीत, जिप्सी करावी लागते, भाव आधी ठरवा. एवढंच.

आता कामाचं. हिशोब स्वतः करा, दुकानदाराला करू देऊ नका. मोठ्या माणसाची दिवसाची लघवी दीड लिटरच्या आसपास धरा. चौघांची झाली सहा लिटर. प्रत्येक वेळी फ्लशचं थोडं थोडं पाणी, ते दिवसभरात चार-पाच लिटर. सकाळी जेटने धुणं म्हणजे माणशी लिटर-दीड लिटर सहज. बेरीज चौदा ते सतरा लिटरवर जाते, आणि टाकी गळ्यापर्यंत भरायची नसतेच. कंपनी जे दिवस सांगते ते कागद वापरणाऱ्यांचे आहेत.

म्हणून जेट काढून टाका. आम्ही पिळायच्या दोन बाटल्या ठेवल्या, हॉटेलात सॉससाठी असतात तशा. पाव लिटर पाण्यात स्वच्छ काम होतं. एवढ्या एका बदलाने टाकी दीड दिवसावर गेली. काही मॉडेलांची खालची टाकी सुटी विकत मिळते, घेण्याआधी तेच विचारा, मिळत असेल तर दुसरी घ्याच. भरलेली टाकी वीस किलोच्या वर जाते, ती उचलून कोण नेणार हेही घरात आधी ठरवा.

फिटिंग आम्ही नंतर स्वतः उभं राहून पुन्हा करून घेतलं. इतवारीत लोहाओळीतून ८ मिलिमीटरचे आरपार जाणारे स्टीलचे बोल्ट, मोठे रुंद वॉशर आणि हादऱ्यांनी सैल न होणारे नायलॉक नट आणले. खालून एक लोखंडी पट्टी चासीच्या आडव्या दांड्याला जोडली आणि बोल्ट तिच्यातून घेतले. ड्रिल करण्याआधी गाडीखाली जाऊन डिझेलची नळी आणि वायरिंग कुठून जातंय ते बघा. सामान आणि मजुरी मिळून आधीच्या साडेसात हजारांच्या पाव हिश्शातही भागलं. कुणी "प्लायलाच धरतं" म्हणालं की उठून चालायला लागा.

घाट सुरू होण्याआधी टाकी रिकामी करा. सावनेरला नाही जमलं तर छिंदवाड्यात कराच, पुढे सोय नाही. चालत्या गाडीत भांड्यात पाणी ठेवू नका आणि झडप घट्ट बंद ठेवा. वर पोचल्यावर सीटचं झाकण बंद ठेवूनच झडप किंचित सरकवा, दाब निघून जाऊ द्या, मग झाकण उघडा. हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, प्रत्यक्ष करून दाखवा.

टाकी फक्त संडासात ओता. पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात विचारून, थोडे पैसे देऊन, मागून दोन बादल्या पाणी टाकून. आम्हाला परवानगी नाकारली गेली ती विचारायच्या आधीच टाकी उतरवलेली बघून, म्हणून आधी माणूस पाठवा. निळ्या औषधात फॉर्मल्डिहाइड असेल तर ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, आणि पचमढीकडे बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँकच असतात. डब्यावर सेप्टिक टँकला चालतं असं लिहिलेलं औषधच घ्या. नाल्यात किंवा झाडीत ओतायचा विचारही करू नका. हा सगळा पट्टा पचमढी बायोस्फिअर रिझर्व्ह आहे, त्यातच सातपुडा व्याघ्र प्रकल्प, आणि खालच्या गावांचं पाणी याच ओढ्यांतून जातं.

नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला आपल्या विदर्भातून गाड्यांच्या रांगा लागतात. तेव्हा मोटरहोम नेऊ नका. पार्किंग मिळत नाही आणि टाकी रिकामी करायला कुणी दारात उभं करत नाही. दिवाळीनंतर जा, नागपुरातून पहाटे पाचला निघा, म्हणजे मटकुलीचा तुकडा उजेडात संपतो.