काकूंच्या नावावर मागितलेले पैसे

शटर अर्धंच वर केलं होतं, तोच काकू समोर उभ्या. कराडच्या बसस्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काकू जवळच्याच गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष.

"दादा, माझं व्हॉट्सअ‍ॅप कुणीतरी घेतलंय. माझ्या नावानं पैसे मागतोय हो."

मोबाइल हातात घेतला. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की नंबर टाका म्हणून विचारत होतं. एसएमएसमध्ये आदल्या रात्रीचा सहा आकडी कोड होता, आणि त्याखाली तो कुणालाही देऊ नका ही सूचना. काकूंनी दिला होता, पण परक्याला नाही. सख्ख्या भाचीच्या नंबरवरून मेसेज आला होता, "मावशी, माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव ना." भाचीचं खातं दुपारीच गेलेलं. अनोळखी माणसापासून जपा, असं आपण सांगत राहतो आणि चोर ओळखीच्या दारानं आत येतो.

मोबाइलवर काही करण्याआधी मी काकूंना गटाच्या सचिवबाईंना साधा फोन करायला लावला. त्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या दुसऱ्या अ‍ॅडमिन. त्यांनी लगेच काकूंचा नंबर ग्रुपमधून काढला आणि एकेकीला फोन लावायला घेतले.

मग काकूंचाच नंबर टाकून नवा कोड मागवला. आला, भरला. पुढं पिन मागितला. चोरानं रात्रीच दुहेरी पडताळणी चालू करून स्वतःचा पिन लावून ठेवला होता. आता सात दिवस थांबणं भाग होतं. काकूंचा चेहराच उतरला. "म्हणजे तो सात दिवस आत बसणार?" नाही. नवा कोड भरला त्या क्षणी तो बाहेर पडला होता. पिन माहीत नसला तरी. हे त्यांना तीनदा सांगितलं, तेव्हा कुठं त्या टेकून बसल्या.

तेवढ्यात सचिवबाईंचा फोन आला. "दवाखान्यात आहे, 6,000 पाठव, संध्याकाळी देते," हा मेसेज बऱ्याच जणींना गेला होता. एकीला शंका आली, कारण काकू कधी टाइप करत नाहीत, बोलूनच पाठवतात. दुसरीनं मात्र रात्रीच पैसे पाठवले होते. तिला दुकानात बोलावून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि वेळ दिली. रात्रीच फोन झाला असता तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त होती, याची हळहळ मला अजून वाटते.

आठव्या दिवशी काकू आल्या, पैसे गेलेली ती बाईही सोबत होती. खातं उघडलं, त्यांच्या मनातला पिन लावला, सोबत ईमेलही जोडला. भाचीचंही तसंच केलं.

जाताना त्यांनी पदराच्या गाठीतून दोन हजार काढून त्या बाईच्या हातावर ठेवले. बाकीचे दोन हप्त्यांत देणार म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, तक्रार चालू आहे. हे तुमचं देणं नाही."

"तिनं माझं नाव बघूनच दिले ना, दादा."