नवं क्राऊन-पिनियन बसवून कोल्हापूर ते गुहागर: किनाऱ्याच्या रस्त्यावरची परीक्षा

रस्ता असा: कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा, रत्नागिरी, तिथून आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड, फेरीने तवसाळ, मग हेदवी आणि गुहागर. गाडी मागच्या चाकांवर ओढणारी पिकअप, मागच्या एक्सलमध्ये नुकतंच बसवलेलं नवं क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनाची ओढ चाकांकडे वळवणारी मोठ्या (क्राऊन) आणि लहान (पिनियन) दातेरी चाकांची जोड. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन रात्रभर वाशीच्या वाटेवर असणाऱ्या माणसाला मागून येणारा तो सततचा हुंकार किती थकवतो, हे ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. गाडी पुन्हा शांत करता येते, फक्त जोड निवडताना आणि बसवताना घाई करायची नाही.

आधी आवाज नक्की कुठला, हे ठरवा. आम्ही जोड घ्यायला कोल्हापूरला जातानाच, रिकाम्या गाडीत, हे तपासत गेलो. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून काँक्रीटवर आलात की लगेच फरक कळतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज वळणावर बदलतो, कारण वजन एका बाजूला जातं. पिनियनचं बेअरिंग गेलं असेल तर घरघर वेगाबरोबर वाढते, पण अॅक्सिलरेटरला फारसं जुमानत नाही. दातांचा आवाज मात्र पायाशी बांधलेला असतो. आंबा घाटाच्या चढावर पाय दाबला की हुंकार सुरू, पाय सैल केला की बंद, असं आमच्या गाडीचं होतं. म्हणजे ओढताना भिडणारी दातांची बाजू खराब झालेली होती. उलट, उतारावर पाय काढल्यावर आवाज येत असेल तर दातांची दुसरी बाजू बघा, आणि पिनियनचा नट सैल झालाय का तेही.

हा आवाज कानाला एवढा का टोचतो, त्याचा हिशोब सोपा आहे. 2.2 मीटर घेराचं चाक ताशी 60 किलोमीटरला सेकंदाला साधारण साडेसात वेळा फिरतं. क्राऊनला 41 दात असतील तर सेकंदाला तीनशेहून जास्त दात पिनियनशी भिडतात. ही माणसाच्या आवाजाचीच पट्टी. दातांच्या आकारात केसाएवढाही फरक नको, तो यासाठी.

खरेदीसाठी कोल्हापूरच गाठलं, कारण उद्यमनगर परिसरात सुटे भागही मिळतात आणि हे काम नीट जाणणारे मिस्त्रीही. दुकानात पहिली गोष्ट बघायची ती जोडीचा नंबर. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. स्टीलचा पृष्ठभाग कडक करण्यासाठी गिअर तापवून तेलात थंड करतात, तेव्हा तो थोडा वाकडातिकडा होतो. मग बारीक अपघर्षक लावून दोघांना एकत्र फिरवतात आणि दात एकमेकांना जुळवून घेतात. म्हणून दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो. एका जोडीचा क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचा पिनियन, दोन्ही कोरे करकरीत असले तरी, शांत चालणार नाहीत. मिस्त्रींनी आम्हाला पहिलंच वाक्य ऐकवलं, "पावणं, जोड फोडायची न्हाई." नंबर जुळत नसेल किंवा घासून पुसलेला असेल तर पेटी तिथेच परत करा.

दुसरी गोष्ट दातांची संख्या. एकाच नावाच्या पिकअपला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळा रेशो (क्राऊन आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण) असू शकतो, त्यामुळे मॉडेलचं नाव सांगून सामान मागू नका. जुन्या क्राऊनचे आणि पिनियनचे दात मोजा: 41 भागिले 10 म्हणजे 4.1. बरेचदा हे आकडे क्राऊनवर छापलेलेही असतात. रेशो बदलला तर गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो, आणि चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत पुढचा-मागचा रेशो वेगळा ठेवणं म्हणजे ट्रान्स्फर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ओढ वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं, वाटोळं. 41 आणि 10 सारखे, एकमेकांना भाग न जाणारे आकडे असले की पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. ते आवाजासाठी चांगलंच.

भंगारातली जुनी जोड स्वस्तात मिळते. माझं मत स्पष्ट आहे: गाडी फक्त शेतात फिरवायची असेल तर ठीक, लांबच्या रस्त्यासाठी नको. तिचे दात दुसऱ्या हौसिंगमध्ये (एक्सलच्या लोखंडी कवचात), दुसऱ्या बेअरिंगवर झिजलेले असतात. तीच बैठक पुन्हा जमवणं फार कठीण.

आता बसवण्याविषयी, कारण उत्तम जोडही चुकीची बसवली तर पहिल्या किलोमीटरपासून रडते. बेअरिंग आणि ऑईल सील नवीनच घ्या. पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये चेपणारी नळी असेल तर तीही नवी आणि नटही नवा. एकदा चेपलेली नळी पुन्हा तेवढाच ताण धरत नाही. पिनियनच्या डोक्यामागची जुनी शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) फेकू देऊ नका, सुरुवात तिच्यापासूनच करायची असते. मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावून क्राऊनचा प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघतात. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळा. या आकाराच्या एक्सलला तो बहुधा 0.13 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास असतो. गेज न लावता हाताने हलवून "बरोबर आहे" म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नये.

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे दातांवरचा ठसा. चार-पाच दातांना रंग लावून, क्राऊनला थोडा अडवून, पिनियन दोन्ही दिशांना फिरवतात. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर उमटायला हवा. तो मुळाकडे खोल गेला तर पिनियन जास्त आत आहे, शिम पातळ करा. टोकाकडे वर सरकला तर शिम जाड करा. आमच्या गाडीत पहिला ठसा मुळाकडे होता. मिस्त्रींनी कंटाळा न करता पिनियन पुन्हा काढला, बेअरिंग उतरवलं, शिम बदलली आणि परत रंग लावला. यात वेळ जातो, म्हणून मजुरी ठरवतानाच सांगा की ठसा बघितल्याशिवाय कव्हर बंद करायचं नाही. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

ऑईल जीएल-5 दर्जाचंच, म्हणजे जास्त दाब सोसणारं गिअर ऑईल, भरा. या जोडीत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर लोळतात आणि लांबीने घसरतातही. 1926 साली पॅकार्डच्या मोटारीत ही रचना आली ती याच घसरण्यातून मिळणाऱ्या शांतपणासाठी आणि मोटारीचा तळ खाली आणण्यासाठी. पण घसरण आली की दाबाखाली टिकणारं ऑईल लागतं. आवाज दाबण्यासाठी जाड ऑईल घालून काही होत नाही. झीज आतल्या आत चालूच राहते.

परतीच्या रस्त्यावर गाडी रिकामीच ठेवली. बांबवड्याला पहिला थांबा घेतला आणि हौसिंग पूर्ण गार होऊ दिलं. नवे दात पहिल्या 25-30 किलोमीटरला खूप तापतात; तेव्हा थांबलात तर त्यांचा कडकपणा टिकतो. मलकापूरला पुन्हा थांबलो. आंबा घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कोंडून न धरता तिसऱ्यात सोडून, मध्येमध्ये ब्रेक वापरत उतरवली, कारण इंजिनाच्या भरवशावर उतरताना सगळा भार दातांच्या उलट बाजूवर येतो. साखरप्याला चहा, आणि एक्सलला आणखी अर्धा तास.

खरी परीक्षा रत्नागिरीच्या पुढे. निवळी-जयगड रस्त्यावर बंदराची अवजड वाहतूक असते, म्हणून आणि कानाला शांतता मिळावी म्हणूनही आरे-वारेचा रस्ता घ्या. तिथे समुद्राशी उतरायचं, खाडी ओलांडायची, परत सड्यावर चढायचं, असं सतत चालतं. ओढ आणि उतार दर थोड्या अंतराने बदलत असल्याने दातांच्या दोन्ही बाजू एकाच फेरीत ऐकू येतात. हायवेवर शंभर किलोमीटर जाऊनही एवढं कळत नाही. काचा वर करा, पंखा बंद ठेवा, ताशी 40 ते 60 मध्ये पाय हळूहळू दाबा आणि सोडा. शेजारी बसलेल्या माझ्या मावसभावाला मी काहीच सांगितलं नव्हतं, गणपतीपुळ्याच्या अलीकडे तोच म्हणाला, "दादा, मागून काय येत नाय आता."

जयगडला फेरीच्या उतारावर घाई करू नका. भरतीला धक्का खाऱ्या पाण्याने भिजलेला असतो. तापलेलं हौसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून (हौसिंगला हवा आत-बाहेर करू देणाऱ्या छोट्या तोंडातून) पाणी आत ओढलं जातं. रांगेत उभे असाल तेवढा वेळ गाडी गार होऊ द्या. ब्रीदर एक्सलच्या वरच असतो आणि लाल मातीने बुजतो. त्याला रबरी नळी जोडून ती चेसिसपर्यंत वर नेली तर पावसाळ्यातल्या वहाळांचीही काळजी मिटते. मासळी वाहणाऱ्यांनी तर हे नक्की करावं, कारण बर्फाचं खारं पाणी थेट एक्सलवर गळतं आणि ड्रेन प्लग गंजून बसतो. फेरीच्या वेळा निघण्याआधी विचारून घ्या.

पहिले 800 किलोमीटर पूर्ण भार टाकू नका, मग ऑईल बदला. काढलेलं ऑईल पांढऱ्या भांड्यात घेऊन बघा: राखाडी, बारीक चकाकी चालते, नखाला लागेल असा तुकडा दिसला तर कव्हर उघडावंच लागेल, आणि दुधाळ रंग दिसला तर पाणी कुठून शिरलं ते शोधा. जोडीचा नंबर, दातांचे आकडे, शिमची जाडी आणि प्ले हे चारही एका कागदावर लिहून गाडीच्या आरसीबरोबर ठेवा.