खांदा टेकला का नाही टेकला

नऊ मिनिटं बारा सेकंदांचा व्हॉइस मेसेज तुम्हाला कधी आलाय काय? मला आलाय, तोपण रात्री साडेअकराला, अनोळखी नंबरवरून. डीपीला बैलजोडी आणि नावाच्या जागी नुसतं 'वस्ताद'. त्या दिवशी सकाळपासून मी एवढ्या शिव्या खाल्ल्या होत्या की ही नऊ मिनिटं आईपासून सुरू होऊन पणजोबांपर्यंत जाणार असंच धरून चाललो होतो, म्हणून आधी इअरफोन शोधला, कारण आई शेजारच्या खोलीत जागी होती.

झालं काय होतं ते सांगतो. मी बेळगावात एका छोट्या मराठी पेपरचं खेळाचं पान बघतो. वय चोवीस. पानावर जागा कधीच पुरत नाही, मग उरलेलं फेसबुकवर ओततो. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी होती. गादी विभागात, म्हणजे मॅटवरच्या गटात, शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची कुस्ती लागली, पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी दिलं, राक्षेचं म्हणणं माझे खांदे टेकलेच नाहीत, वाद वाढला, पंचांना लाथ बसली, पुढं किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाडपण चिडून आखाडा सोडून गेला आणि शेवटी दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी. हे सगळ्यांनीच बघितलंय. मी शहाण्याने काय केलं तर मोबाईलवर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढला, खांद्याभोवती लाल गोल केला आणि वर लिहिलं, 'टेकलाय. विषय संपला.'

कसला संपतोय!

अर्ध्या तासात एकाने माझाच स्क्रीनशॉट उचलून त्यावर हिरवा गोल केला आणि लिहिलं 'टेकला नाय'. तिसऱ्याने त्या हिरव्या गोलाला पिवळा बाण मारला. फोटो तोच, खांदा तोच, नुसते रंग वाढूलेत. दुपारपर्यंत त्या फोटोची रांगोळी झाली होती, पैलवान कुठाय ते शोधावं लागत होतं. पत्रकार विकला गेला, किती घेतलेस, लंगोट तरी बघितलास काय कधी, हे तर चालूच. (पगार किती आहे ते सांगितलं असतं तर विकला गेल्याची शंका लगेच मिटली असती, पण राहू दे.)

यातलं एकच वाक्य खरं लागलं. पुण्याकडचा कोण तरी होता, त्यानं लिहिलं, 'तू कर्नाटकातला, तुला महाराष्ट्र केसरीचं काय पडलंय?' आमची ही कायमची गंमत आहे बघा. इकडे मराठीत लिहिलं की महाराष्ट्राचे ठरतो आणि तिकडचं काही लिहिलं की कर्नाटकाचे. मी लगेच टाईप केलं, 1959 साली देशातले पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे कुठले माहीत आहे काय? एकसंब्याचे, तालुका चिक्कोडी, जिल्हा बेळगाव, आणि घडले कोल्हापुरात. आता सांग कुणाचे? तो पुण्याचा गप्प बसला, पण खाली गोकाककडच्या एका मित्राने 'एकसंबा नम्दु' (कन्नडात, एकसंबा आमचं) लिहिलं, त्याच्या खाली दुसऱ्याने 'हौद हुलिया' (होय रे वाघा) टाकलं, मग निपाणीचे उठले, मग कागलचे, आणि पुढचे चाळीसेक रिप्लाय नम्दु की आमचं यावरच. खांद्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. खरं सांगतो, मलापण नव्हतं, मी पण त्यातच हाणत होतो.

तर रात्री तो मेसेज. आवाज म्हातारा, मागं कुठंतरी फॅन कुरकुरतोय.

"बाळा, शिवी द्यायला नाही पाठवलोय, घाबरू नको. तू फोटो टाकलास तो बघितलो. त्यात खांदा किती दिसूलेत, मोज. एक. दुसरा कुठाय? चितपटीला दोन लागतात नव्हे काय? आणि दोन्ही टेकून पंचाला दिसंल एवढा तरी ताबा लागतो, घासून गेला म्हणजे चितपट नव्हे. फोटोत वेळ दिसत नाही रे. टेकला म्हणणारा पण गाढव आणि नाही म्हणणारा पण."

मी तिथंच मेसेज थांबवून फोटो उघडला. खरंच एकच होता. दिवसभर ज्या गोलासाठी भांडलो त्यात दुसरा खांदा नव्हताच, आणि लाल, हिरवा, पिवळा करणाऱ्या एकाच्याही ते डोक्यात आलं नव्हतं.

पुढं म्हणाले, मातीच्या मैदानात ज्या बाजूला बसलो तिकडून दिसेल ते खरं. इकडच्यांना पाठ लागलेली दिसायची, पलीकडच्यांना उजेड दिसायचा, म्हणून भांडण व्हायचं, त्याला काहीतरी अर्थ होता. "तुम्ही सगळे एकाच कॅमेऱ्याच्या मागं बसून भांडूलाय, ते कशाला की?" मग उरलेली पाच मिनिटं 2023 च्या पुण्यातल्या कुस्तीवर. सिकंदर शेख, महेंद्र गायकवाड, महेंद्रचा बाहेरची टांग हा डाव आणि त्याला मिळालेले ते वादाचे चार गुण. चार कधी, तर उभ्यावरून टाकलेला पैलवान सरळ पाठीकडून धोक्याच्या स्थितीत गेला तर, पोटावर पडला तर दोनच. एवढं सगळं सोडवून सांगून शेवटी म्हणाले, मी अजून ठरवलो नाही. दोन वर्षं झाली होती तेव्हा त्या कुस्तीला!

मी पोस्टमध्ये दुरुस्ती टाकली. त्यावर कुणी शिवी पण दिली नाही. दुरुस्ती कोण वाचतंय.

मला वाटलं क्रिकेट तरी सोपं जाईल. 3 जूनला आयपीएलच्या फायनलमध्ये आरसीबीनं पंजाबला सहा धावांनी हरवून अठराव्या सीझनला पहिला कप घेतला. मी लिहिलं की कोहलीचे 35 चेंडूत 43 जरा संथच होते, मॅच काढली ती कृणाल पंड्याने, चार ओव्हरमध्ये 17 धावा आणि दोन विकेट. झालं. कन्नडमध्ये एक, मराठीत एक अशा बारीनं शिव्या. आमच्या गल्लीतला पोरगा, ज्याला मी स्वतः बॅट धरायला शिकवलोय, त्यानं लिहिलं 'अण्णा तुम्ही मुंबईवाले'. दुसऱ्या दिवशी जल्लोषाच्या गर्दीत बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली, अकरा जण गेले, आणि तोच पोरगा रात्री घरी येऊन काही न बोलता बसला. त्यावर मी काही लिहिलं नाही.

वस्तादांशी मात्र बोलणं चालू राहिलं. मग एका यात्रेच्या मैदानात भेटलो. मला वाटलं होतं कान मोडलेला, मान नसलेला गडी असेल. बघतो तर काडीसारखा माणूस, खिशाला पेन, आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर. "लंगोट? छे, एकदा पण नाही," म्हणाले, "पण तिकिटं फाडत फाडत मैदानं सोडलो नाही एक." त्यांनी मला शेंगा दिल्या आणि सांगितलं, आज तू पलीकडं बैस.

हलगी चढत गेली. शेवटच्या जोडीत घिस्सा डाव बसला, खालचा फिरला, वरचा त्याच्यावर, धूळ उडाली आणि आमच्या बाजूचं अख्खं पब्लिक उठलं. मला पाठ स्वच्छ लागलेली दिसली, माती चिकटलेली पण दिसली. पंच अजून वाकून बघत होते. मी फोन लावला.

"नाही लागली," म्हणाले आणि ठेवला.