नाचणी, गहू आणि थोडं सोयाबीन

आमच्या वेळच्या अर्थशास्त्राच्या गणितांचं एक बरं होतं, उत्तर सुटसुटीत यायचं. मागणी म्हणजे 100 वजा किंमतीची दुप्पट, पुरवठा म्हणजे 20 अधिक किंमतीची दुप्पट. दोन्ही समान धरा, किंमत 20, नग 60, खाली दोन रेघा, झालं. उत्तर 17.43 वगैरे आलं की हॉलमध्येच घाम फुटायचा, कारण पेपर काढणारे सर असली उत्तरं येऊच देत नसत. मंडईत कुठल्याच वस्तूचा भाव इतक्या सोज्वळपणे ठरत नाही हे पुढे कळलं, पण तोवर मार्क पदरात पडले होते.

हल्ली भाची शिकायला आमच्याकडे असते. अर्थशास्त्राचं तिसरं वर्ष, जोडीला पायथन ही संगणकाची भाषा. तिच्या असाइनमेंटमधला एक प्रश्न बघून मला चक्क हेवा वाटला: एका माणसाचा दिवसभराचा पोषक आहार स्वस्तात स्वस्त कितीला बसेल? पदार्थ तुम्ही निवडा, भाव तुमच्या किराणावाल्याचे घ्या, प्रोग्रॅम लिहा, उत्तर काढा.

प्रश्न जुना आहे. अमेरिकेत जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने 1945 साली तो मांडला तेव्हा 77 पदार्थ आणि नऊ पोषकद्रव्यं घेतली होती. भाव 1939 चे. संगणक हाताशी नसल्यामुळे बरेच पदार्थ त्याने तुलना करून आधीच बाद केले, उरलेल्यांवर आकडेमोड आणि अंदाज लढवला आणि वर्षाचा खर्च काढला 39 डॉलर 93 सेंट. त्यात होतं काय, तर गव्हाचं पीठ, डबाबंद आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि घेवड्याचे वाळलेले दाणे. कोबीच 111 पौंड, म्हणजे वर्षाला पन्नासेक किलो! असला आहार कुणी कुणाला सुचवणार नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. मग जॉर्ज डँटझिग या गणितज्ञाने 1947 मध्ये असल्या, म्हणजे अटी पाळून स्वस्तात स्वस्त उत्तर शोधायच्या, गणितांसाठी सिम्प्लेक्स पद्धत काढली आणि तिची परीक्षा याच प्रश्नावर झाली. नऊ कारकून टेबलावरच्या गणनयंत्रांवर बसले आणि एका माणसाच्या हिशोबाने 120 दिवसांचं काम करून उठले. उत्तर आलं 39 डॉलर 69 सेंट. स्टिग्लरचा अंदाज वर्षाला फक्त 24 सेंटने चुकला होता. मला यात कारकुनांपेक्षा स्टिग्लरचंच कौतुक जास्त वाटतं.

भाचीच्या लॅपटॉपला डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढाही वेळ लागला नाही. पहिलं उत्तर आलं: काहीही खाऊ नका, खर्च शून्य.

"मावशी, हे काय गं?"

तिने वापरलेल्या लिनप्रोगला (सायपाय या पायथनच्या गणिती संचातलं, असली उत्तरं काढणारं साधन) कमी-जास्तीच्या अटी 'याहून जास्त नको' अशाच भाषेत सांगाव्या लागतात. 'निदान 2,000 कॅलरी हव्यात' हे सांगायचं तर दोन्ही बाजूंना वजा चिन्ह देऊन अट फिरवून घ्यायची. ते राहून गेलं होतं. म्हणजे यंत्राने ऐकलं की 2,000 च्या वर कॅलरी नकोत, आणि त्या अटीत निर्जळी एकादशी सगळ्यात स्वस्त, हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

चिन्हं फिरवली. अटी तीन: 2,000 कॅलरी, 60 ग्रॅम प्रथिनं, 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम. यादीत बावीस-पंचवीस पदार्थ तिने हौसेने भरले होते, पनीरपासून अंजिरापर्यंत. उत्तरात राहिले तीन: नाचणीचं पीठ, गव्हाचं पीठ, थोडं सोयाबीन. बाकी सगळ्यांपुढे शून्य. यादीत कितीही पदार्थ घाला, अटी जेवढ्या असतील त्याहून जास्त पदार्थांची गरज सगळ्यात स्वस्त ताटाला कधी पडत नाही. हा या गणिताचा सिद्ध झालेला गुणधर्म आहे. ताटात चौथा पदार्थ हवा असेल तर चौथी अट शोधा.

इथे सासूबाई आत आल्या. "भाजी कुठाय?" ही झाली चौथी अट. मग मीठ, तेल, दिवसाला एक वाटी तरी दूध. वरण एका वाटीपेक्षा जास्त नको, कारण त्यांना सोसत नाही. प्रत्येक अटीला खर्च थोडा वाढायचा, आणि कुठली अट किती महाग पडते हे प्रोग्रॅम वेगळं काढून दाखवतो. त्याला शॅडो प्राइस म्हणतात. एखादी अट तसूभर सैल सोडली तर किती पैसे वाचतील, त्याचा तो आकडा. घरातल्या प्रत्येकाच्या हट्टाचा दर असा कुणीतरी छापून द्यावा, अशी माझी फार जुनी इच्छा होती. दुधाची अट सगळ्यात महाग निघाली. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि दूध काही सोडलं नाही.

खुद्द डँटझिगलाही हे भोगावं लागलं होतं. पन्नासच्या दशकात डॉक्टरने त्याला वजन उतरवायला सांगितलं. त्याने ठरवलं, कॅलरी मर्यादेत ठेवायच्या आणि पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटेल असा आहार संगणकाला विचारायचा. पोट भरणं म्हणजे अन्नाचं वजन, त्यातलं पाणी सोडून. संगणकाने सुचवलं, 500 गॅलन व्हिनेगर. सुमारे 1,900 लिटर! आकडे भरताना व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलं होतं. व्हिनेगर काढलं तर दिवसाला सूपच्या 200 खारट वड्या आल्या, कारण मिठाला वरची मर्यादाच घातलेली नव्हती. मीठ जास्त झालं तर माणूस थुंकतो, हे संगणकाला कोण सांगणार? शेवटी बायकोने स्वतः आहार ठरवून दिला आणि वजन उतरलं.

आमच्याकडेही रात्रीपर्यंत अटी वाढत गेल्या. घरात अंडं नको, सोयाबीनचा वास नको, यांच्या डॉक्टरांनी सांगितलेली कॅलरींची मर्यादा, आणि यांचाच रोजचा पाव किलो बटाटा. सगळं घालून बटण दाबलं तर पडद्यावर एकच शब्द, इन्फीझिबल. या सगळ्या अटी एकत्र पाळणारं ताट अस्तित्वातच नाही. स्वयंपाकघरात इतकी वर्षं मी हेच सांगत आले, पण माझ्याकडे सायपाय नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. कुणाची तरी अट कापणं भाग होतं. अंड्याबद्दल सासूबाईंशी बोलायची हिंमत दोघींतही नव्हती. भाचीने बटाट्याची ओळ खोडली आणि उत्तर लगेच आलं. प्रथिनं बसली, कॅल्शियम बसलं, रुपये-पैसेही बसले. यांना अजून काही सांगितलेलं नाही.