लकव्यानंतर मूठ उघडताना: आईच्या हातावर घरी केलेलं काम

अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या हातात सगळ्यात आधी काय येतं, तर दाबायचा रबरी चेंडू. आईच्या उशाशीही तो आला. आम्ही तो बाजूला ठेवला. का, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

स्ट्रोकनंतर, म्हणजे लकव्याच्या झटक्यानंतर, सुरुवातीला हात लुळा असतो. काही आठवड्यांत त्यात ताठरपणा येऊ लागतो आणि बहुतेकांमध्ये तो एकाच तऱ्हेने येतो: कोपर वाकतं, मनगट आत वळतं, बोटं मिटतात. मूठ आवळणारे स्नायू आधी जागे होतात आणि उघडणारे मागे राहतात. बोटं सरळ करणारा मुख्य स्नायू कोपराच्या बाहेरच्या टोकदार हाडापासून निघतो आणि हाताच्या मागच्या बाजूने चारही बोटांना जातो. त्याला हुकूम मेंदूतून यावा लागतो, आणि नेमका तोच रस्ता तुटलेला असतो. चेंडू दाबून आवळणाऱ्या स्नायूंनाच सराव मिळतो. पेला धरायचा तर आधी हात उघडावा लागतो, आणि टेबलावर परत ठेवायचा तर पुन्हा उघडावा लागतो. त्यामुळे आमच्या घरात मोजमाप एकच होतं: हात किती उघडला.

बोटं हलतात की नाही हे बघण्याचीही रीत आहे. हात पालथा ठेवून ‘बोटं वर उचल’ म्हटलं तर अशक्त स्नायूला बोटांचं वजन पेलत नाही आणि काहीच नाही असं वाटतं. करंगळीची कड टेबलावर टेकवून हात उभा ठेवा, खाली थोडी टाल्कम पावडर पसरा आणि मग बोटं उघडायला सांगा. एवढीशी हालचालही दिसते. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात, पहिल्या ७२ तासांत बोटं सरळ करण्याची आणि खांद्यातून हात बाजूला उचलण्याची थोडी तरी ताकद असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत आलं होतं. दोन्ही नसलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं. म्हणजे चारात एक, शून्य नव्हे. सुरुवातीला हात पूर्ण लुळा असला तरी काम सुरू करायचंच.

पण घाईने नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत, पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवून-चालवून घेतलेल्यांची अवस्था तीन महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा कमी चांगली निघाली. पहिल्या दिवशी डॉक्टर सांगतील तेवढंच करावं.

खांद्याबद्दल थोडक्यात. लुळा खांदा सांध्यातून खाली उतरतो. उठवताना दुखऱ्या, म्हणजे लकवा झालेल्या, हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. बसताना कोपराखाली उशी ठेवा, हात लटकू देऊ नका. छताला दोरी आणि चाक लावून चांगल्या हाताने दुखरा हात वर खेचण्याचा व्यायाम अजूनही सांगितला जातो. त्याने खांदा दुखायला लागतो. आणि खांदा एकदा दुखायला लागला की हाताचे व्यायाम बंद पडतात.

आता करंट. फिजिओथेरपीच्या भाषेत याला इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन म्हणतात. दुखण्यावर लावायचं ‘टेन्स’ यंत्र आणि स्नायू आकुंचन करणारं यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विकत घेण्याआधी समजून घ्या. आपल्याला असं यंत्र लागतं ज्यात चालू-बंदचा वेळ वेगवेगळा ठरवता येतो, करंट हळूहळू चढतो आणि पल्सची रुंदी, म्हणजे करंटचा एक ठोका किती वेळ टिकतो ते, ३०० मायक्रोसेकंदांपर्यंत जाते. काही दवाखान्यांत लकव्याला ‘गॅल्व्हॅनिक’ करंट देतात. तो नसच तुटलेल्या स्नायूसाठी असतो. स्ट्रोकमध्ये हाताची नस शाबूत असते, बिघाड मेंदूत असतो, म्हणून त्याची गरज नाही. पेसमेकर असेल तर हे यंत्र लावू नका. फिट्स येत असतील, कॅन्सर असेल किंवा त्या जागी जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आमच्या फिजिओथेरपिस्टने बसवून दिलेले आकडे असे: ३५ हर्ट्झ (सेकंदाला ३५ ठोके), पल्सची रुंदी ३०० मायक्रोसेकंद, ५ सेकंद चालू, १५ सेकंद बंद, चढायला २ सेकंद. सुरुवात १० मिनिटांपासून आणि हळूहळू ३० मिनिटांपर्यंत, दिवसातून दोनदा. बंदचा वेळ चालूच्या तिप्पट ठेवतात, कारण अशक्त स्नायू पटकन थकतो. दहाव्या मिनिटाला बोटं पहिल्या मिनिटाइतकी उघडत नसतील तर करंट वाढवू नका, थांबा.

खरी मेहनत पॅड कुठे लावायचे यात आहे. ५ बाय ५ सेंटिमीटरचे दोन चिकट पॅड लागतात. एक कोपराच्या बाहेरच्या हाडापासून तीनेक बोटं खाली, हाताच्या मागच्या बाजूला. दुसरा त्याच रेषेत, मनगटापासून चारेक बोटं वर. मग करंट हळूहळू वाढवायचा आणि हात काय करतो ते बघायचं. मनगट अंगठ्याकडे झुकत वर जातंय आणि बोटं उलट मिटताहेत? म्हणजे वरचा पॅड अंगठ्याच्या बाजूला गेलाय आणि मनगट उचलणारे स्नायू पकडले गेलेत. मनगट वर गेलं की बोटांच्या शिरा ताणल्या जाऊन बोटं आपोआप मिटतात. पॅड एक सेंटिमीटर करंगळीच्या बाजूला आणि थोडा खाली सरकवा. कोपर वाकायला लागलं तर पॅड फार वर किंवा फार पुढे गेलाय. फक्त करंगळी आणि अनामिका उघडत असतील तर पॅड जास्तच करंगळीकडे गेलाय, परत थोडा अंगठ्याकडे घ्या. चारही बोटं एकत्र उघडली आणि मनगट जरासंच वर राहिलं, ती जागा बरोबर. तिथे बॉलपेनने पॅडभोवती चौकोन आखून ठेवायचा आणि अंघोळीनंतर पुसट झाला की पुन्हा आखायचा. नाहीतर रोज सकाळी तीच शोधाशोध.

तेल ही आपल्याकडची खास अडचण. सकाळी तिळाच्या तेलाने मालिश आणि लगेच पॅड, असं केलं की पॅड नीट चिकटत नाही, करंट एखाद्या कोपऱ्यातूनच जातो आणि तिथे टोचतं, चटका बसतो. आधी करंट, मग मालिश. त्वचा साबणाने धुऊन कोरडी करा. केस दाट असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका. पॅड सुकला तर पाण्याचा एक थेंब बोटाने पसरवा. कडा उचलू लागल्या की नवा घ्या. काढल्यावर थोडी लाली राहते, तासाभरात जाते. राहिली तर पुढची खेप सोडून द्या. आणि हाताला संवेदना कमी असेल तर ‘सहन होतंय का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका, त्वचा डोळ्यांनी बघा.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे करंट चालू असताना माणसाने स्वतःही हात उघडायचा प्रयत्न करायला हवा. यंत्र लावून टीव्हीवर मालिका बघितली तर हात उघडतो, मेंदू काही शिकत नाही. करंट चढू लागला की आई मोठ्याने ‘उघड’ म्हणायची, तेवढ्यात मी स्टीलची वाटी तिच्या हातात सरकवायचे. करंट उतरला की बोटं वाटीवर मिटायची. पुढच्या चक्रात हात उघडून वाटी सोडायची. वाटीच का, तर तिची कड रुंद असते आणि ती उलटली तरी काही सांडत नाही. पाणी भरलेला पेला फार नंतर.

दुपारी आरसा. न्यूरोशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात, हात कापावा लागलेल्यांना त्या नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनेसाठी ही युक्ती वापरली आणि पुढे ती स्ट्रोकमध्ये आली. दोन फूट बाय दीड फुटाचा साधा आरसा छातीच्या मधोमध, त्याची कड अंगाकडे येईल असा, दोन हातांच्या मध्ये उभा करायचा. दुखरा हात आरशामागे, चांगला समोर. आरशात बघत दोन्ही हात एकत्र उघडायचा प्रयत्न करायचा: मूठ-पंजा, मनगट वर-खाली, अंगठा बाहेर. आरशातला हात आपलाच दुखरा हात वाटला पाहिजे, म्हणून चांगल्या हातातल्या बांगड्या, घड्याळ, अंगठी काढायची. आईला बांगड्या काढणं आवडायचं नाही. मग आम्ही दोन्ही हातांत सारख्याच बांगड्या घातल्या, तेही चालतं. सुरुवातीला १० मिनिटं, मग अर्धा तास. कुणाला चक्कर येते, कुणाला रडू येतं, तेव्हा थांबायचं.

यंत्रं आणि आरसा ही तयारी. हात सुधारतो तो वापराने, आणि वापर किती हवा याचा अंदाज फार कमी लोकांना असतो. अमेरिका आणि कॅनडातल्या दवाखान्यांत मोजलं तेव्हा एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते दिवसाला शेकडो हालचालींनंतर. म्हणून आम्ही काम बदलत राहिलो, संख्या नाही: वाट्या एकातून एक काढणं, कपड्यांचे चिमटे ताटाच्या कडेला लावणं, राजमा एका डब्यातून दुसऱ्यात टाकणं, शेंगा सोलणं, कणकेचा गोळा थापून पसरणं. प्रत्येक कामात ‘सोडणं’ मुद्दाम मोजायचं. दहातली सात-आठ वेळा जमतं इतपत अवघड ठेवायचं. दहाही जमली तर वस्तू लहान करा किंवा लांब ठेवा.

मनगट १० अंश तरी वर येऊ लागलं आणि अंगठा व आणखी दोन बोटं तितकीच सरळ होऊ लागली की चांगला हात बांधण्याचा उपाय करता येतो. अलाबामात एडवर्ड टॉब यांनी तो विकसित केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२२ रुग्ण होते, स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेले; दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हातावर मिटन (बोटं वेगळी न करणारा हातमोजा) आणि दिवसाला सहा तासांपर्यंत सराव. हातात ठळक सुधारणा झाली आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. घरी एवढं झेपत नाही. आम्ही ओव्हनचा जाड हातमोजा रोज तीन तास वापरला. चालताना, जिन्यावर, बाथरूममध्ये आणि गरम वस्तूंजवळ तो काढायचाच. तोल गेला तर चांगला हात मोकळा हवा.

रोबॉटबद्दल लोक फार विचारतात. ब्रिटनमधल्या ‘रॅटुल्स’ चाचणीत ७७० रुग्ण होते. रोबॉटच्या सरावाने हाताचं काम नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारलं नाही. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी असा नाही. हालचालींची संख्या वाढवायला ते कामाला येतं. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने हातासाठी बनवलेलं ‘प्लूटो’ हे यंत्र छोटं आहे, टेबलावर बसतं. जवळच्या केंद्रात असेल तर जरूर वापरा, पण त्याच्यासाठी लाखाचं कर्ज काढू नका.

‘सहा महिन्यांनंतर काही होत नाही’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, हे खरं. पण मानेतल्या व्हेगस नसेला यंत्राने चेतना देत सराव करण्याची जी पद्धत अमेरिकेत २०२१ साली मंजूर झाली, तिच्या चाचणीतल्या रुग्णांना स्ट्रोक होऊन नऊ महिने ते दहा वर्षं झाली होती.

ताठरपणा अचानक वाढला तर व्यायाम वाढवण्याआधी बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, आत गेलेलं नख, पाठीवरची जखम तपासा. अनेकदा कारण तिथेच सापडतं. तरीही बोटं सुटत नसतील, तळव्यात घाम साचून वास येत असेल, तर बोटॉक्सबद्दल विचारा. मूठ आवळणाऱ्या स्नायूंत इंजेक्शन देतात, परिणाम काही दिवसांत सुरू होतो आणि तीन-चार महिने राहतो. इंजेक्शनने हात सैल पडतो, उघडायला शिकत नाही. म्हणून तारीख घेण्याआधी पुढच्या तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीची वेळ नक्की करून ठेवा.