न मिटणारा अल्बम

मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा तिच्या खोलीत एक खोका मागे राहिला. झाकणावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘टाकू नका.’ आत रंगीत कार्डशीटचे गठ्ठे, फुलाच्या आकाराची भोकं पाडणारा पंच, नागमोडी कापणारी कात्री, अर्धवट संपलेल्या टेपची रिळं, चमकी, रिबिनी आणि तळाशी गोंदाची बाटली, जिच्या तोंडाशी गोंद वाळून दगड झालेला. ‘टाकू नका’ लिहिलेला खोका एक तर माळ्यावर जातो, नाही तर घरातल्या रिकामटेकड्या माणसाच्या हाती लागतो. आमच्याकडे ते पद माझ्याकडे आहे.

ती जायच्या आधी सुट्टी काढून आम्ही तिघं चार दिवस डोंगरात जाऊन आलो होतो. फोटो सगळे फोनमध्ये. मोजले तर आठशे बारा भरले. फोनमधले फोटो आपण बघतो असं नुसतं म्हणायचं. खरं तर आपण ते सरकवतो. अंगठा एकदा चालायला लागला की डोंगर, तळं, बायको, माकड सगळं एकाच वेगाने वर निघून जातं. म्हटलं, यातले वीसेक फोटो छापून घ्यावेत आणि खोक्यातल्या सामानातून हातभर नव्हे, वीतभर एक अल्बम करावा.

“अहो, बाजारात तयार मिळतात,” बायको म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणूनच मी उत्तर दिलं नाही.

या वस्तूला आपल्याकडे छान नाव आहे, चिकटवही. इंग्रजीवाल्यांनी स्क्रॅपबुक म्हणताना आत काय जातं ते पाहिलं : मोडतोड, कपटे, भंगार. मराठीने ते आत राहतं कशामुळे ते पाहिलं. आणि अल्बम हा शब्द लॅटिनमधल्या ‘पांढरा’ या शब्दावरून आलेला. रोममध्ये जाहीर सूचना लिहायला पांढरा केलेला फळा असायचा, तो अल्बम. म्हणजे एकाने भंगार पाहिलं, एकाने गोंद, एकाने कोरी जागा. तिघांचीही गाठ मला पुढच्या पंधरा दिवसांत पडायची होती.

सुरुवात सोपी केली. ए-थ्री आकाराचा एकच कागद घ्यायचा, तीनदा दुमडून त्याचे आठ भाग करायचे, मधल्या लांब घडीवर, मधल्या दोन भागांपुरती एक चीर द्यायची, आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलली की टाका नाही, पिन नाही, आठ पानांची चिमुकली वही तयार. शाळेत हस्तकलेच्या तासाला हे जमलं होतं. आताही जमलं. मग त्यात फोटो ठेवून पाहिला आणि तो पानाबाहेर आला.

ए-थ्रीचा आठवा भाग म्हणजे ए-सिक्स, 105 बाय 148 मिलिमीटर. फोटोवाल्याकडून येतो तो चार बाय सहा इंचांचा, म्हणजे 102 बाय 152. रुंदीत बसतो, लांबीत चार मिलिमीटर जास्त. कागदाच्या ए मापांची गंमत अशी की अर्धे केले तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, आणि फोटोचं प्रमाण वेगळंच, दीडास एक. दोन शहाण्या माणसांची पिढ्यान्‌पिढ्या भेटच झाली नसावी असा हा प्रकार. चार मिलिमीटर म्हणजे काही फार नाही, पण कापायला बसलं की कळतं. तिघांच्या फोटोत डावीकडे बायकोचं कोपर, उजवीकडे मुलीची पिशवी. कोपर कापलं तर घरात राहायचं कुठे? पिशवी कापली. नंतर मुलीने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो पिशवीबद्दल.

तेव्हा शहाणपण आलं : पान आधी ठरवून त्यात फोटो कोंबायचा नाही, फोटो समोर ठेवून पान कापायचं. सात बाय पाच इंच. चहूबाजूंनी अर्धा इंच कोरं. दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याची दोन कव्हरं, मध्ये पंधरा मिलिमीटरची पाठ, आत 300 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणाऱ्या, कार्डशीटची दहा पानं.

जाड कागद दुमडणं हे मला कागद दुमडण्यासारखंच वाटत होतं. पहिली घडी घातली आणि तिच्यावर भेगा पडल्या. गडद निळ्या कागदाच्या आतून पांढरे तंतू बाहेर आले, गुडघ्यावर फाटलेल्या पँटीसारखे. कागदालाही लाकडासारखी दिशा असते. कारखान्यात लगदा धावत्या जाळीवर पसरतो तेव्हा बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेने पडतात, आणि छापखान्यातले लोक त्या दिशेला ग्रेन म्हणतात. त्या दिशेने दुमडलं तर कागद निमूट वाकतो, आडवं दुमडलं तर हाडं मोडतात. ओळखायचं कसं, तर कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहायचा. ज्या बाजूने तो कुरकुर करत नाही ती त्याची बाजू. हे कळल्यापासून मी हातात येणारा प्रत्येक कागद वाकवून पाहतो. परवा कार्यालयात एक महत्त्वाचं पत्र वाकवत होतो तेव्हा साहेबांनी विचारलं, काही अडचण आहे का.

दिशा पाहूनही घडी आधी पट्टी लावून कोरावी लागते. बाइंडर लोक त्यासाठी हाडाची गुळगुळीत पट्टी वापरतात. मी संपलेलं बॉलपेन वापरलं. शाई संपल्यावर ते प्रथमच इतकं उपयोगी पडत होतं.

गोंदाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, पाणी लागलं की तंतू फुगतात, म्हणजे कागद रुंदीला पसरतो, आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. रात्री सपाट चिकटवलेलं कव्हर सकाळी होडीसारखं झालेलं. उपाय असा की आतल्या बाजूनेही तसाच कागद चिकटवायचा, म्हणजे दोघं दोन्हीकडून ओढतात आणि पुठ्ठा मधल्या मध्ये सरळ राहतो. वर वजन ठेवून रात्रभर दाबायचं. आमच्याकडचा शब्दकोश गेल्या कित्येक वर्षांत इतका उपयोगात आला नव्हता.

या गोंदाच्या राड्याला वैतागणारा मी पहिला नाही. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनला चिकटवह्यांचा नाद होता आणि गोंदाचा तिटकारा. त्याने पानांवर आधीच गोंदाचे पट्टे दिलेली वही काढली. पट्टा ओला करायचा, कात्रण दाबायचं, झालं. 1873मध्ये तिचं पेटंटही घेतलं. आणि माझ्या मुलीच्या खोक्यातली ती रंगीबेरंगी जपानी कागदी टेप, वॉशी टेप, तिचं मूळ तर माश्या पकडण्यात आहे. कुराशिकी गावातला तो कारखाना 1923 साली माश्यांसाठी चिकट कागद करायला निघाला, मग रंगाऱ्यांसाठी मास्किंग टेप करू लागला. तीन बायकांनी, आम्ही या टेपने हस्तकला करतो, तुमचा कारखाना बघायचा आहे, असं पत्र पाठवलं. त्यातून 2008मध्ये रंगीत टेपा बाजारात आल्या. टेप लावली आणि चुकली तरी अलगद निघते, हा तिचा खरा गुण. माझ्यासारख्याने अल्बमभर तीच वापरायला हवी होती.

चिकटवलेलं निघू शकत नाही म्हणजे काय, ते आमच्या कपाटातल्या जुन्या अल्बममध्ये आहे. पानावर गोंदाच्या उभ्या रेघा, त्यावर पारदर्शक पापुद्रा. पापुद्रा उचला, फोटो ठेवा, पापुद्रा दाबा. त्या काळी किती आधुनिक वाटायचा! आता गोंदाच्या रेघा पिवळ्या होऊन फोटोंमधून डोकावतात आणि फोटो सुटत नाहीत. मेण नसलेला, दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा सरकवत काही सोडवले. आईचा त्याहून जुना, काळ्या पानांचा अल्बम मात्र ठणठणीत. त्यात फोटोला गोंद लागतच नाही. कागदाचे चार चिमुकले कोपरे पानाला चिकटवायचे आणि फोटो त्यांत खोचायचा. फोटो आजही काढून मागचं अक्षर वाचता येतं. मी कोपरे केले. ऐंशी. नव्वद खरं तर, दहा खालच्या फरशीला चिकटले.

मग भंगाराकडे वळलो. प्रवासात मी तिकिटं, पावत्या, चिठोऱ्या जपून ठेवतो. या खेपेला जरा जास्तच जपून, प्लॅस्टिकच्या जाड पाकिटात घालून ठेवल्या होत्या. पाकीट उघडलं तर आत पांढरे कागद. तळ्यातल्या होडीचं तिकीट कोरं, बागेचं कोरं, मुक्कामाच्या पावतीवर फक्त एका कोपऱ्यात राखाडी सावली. यंत्रातून कर्रकर्र करत निघणाऱ्या या कागदांवर शाई नसतेच. कागदावरच्या लेपात रंगद्रव्य लपलेलं असतं आणि उष्णता लागली की ते काळं पडतं, एवढंच. ऊन लागलं, हाताचं तेल लागलं की ते काळं परत विरतं. आणि त्याचा मोठा वैरी म्हणजे प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं. म्हणजे खिशात चुरगळून पडलेलं बसचं तिकीट अजून वाचता येत होतं, आणि ज्या पावत्या मी पाकिटात जपल्या त्या पाकिटानेच पुसल्या. असल्या तिकिटाची घरी येताच झेरॉक्स काढायची असते. हे मला सांगणारी माझी मुलगी, आणि तीही दोन महिन्यांनी.

कोरी तिकिटं टाकवेनात. होडीचं तिकीट मी तसंच कोपऱ्यांत खोचलं आणि त्याच्याखाली पेन्सिलीने, आठवलं ते लिहिलं : ‘होडी. तिघं. अर्धा तास. वारा फार.’

एवढं होईपर्यंत कामाची चटक लागली होती. फोटोमागे रंगीत कार्डशीटची चौकट, काही फोटो उठून दिसावेत म्हणून खाली फोमची जाड टेप, एका पानाला खिसा, खिशात ओढून काढायची पट्टी, पट्टीला रिबीन, रिबिनीला गाठ. प्रत्येक पान वेगळं पाहिलं तर देखणं. मग दहाही पानं पाठीत बसवली, अल्बम टेबलावर ठेवला, वरचं कव्हर हळूच खाली सोडलं, आणि ते मध्येच थांबलं.

दाबलं. सोडल्यावर परत वर. मगरीने जबडा उघडून पडून राहावं तसं.

हिशेब सरळ होता, मीच केला नव्हता. पान जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचं. पण त्याच्या दोन्ही बाजूंना चौकट, चौकटीवर फोटो, फोटोखाली फोम. पाठीशी एका पानाला दीड मिलिमीटर जागा आणि तोंडाशी त्याची जाडी जवळजवळ चार. पट्टी लावून मोजलं : पाठ 15, तोंड 38. जाणकार लोक पाठीकडे प्रत्येक दोन पानांमध्ये कागदाची पट्टी घालून जागा सोडतात, म्हणजे आत काय येणार त्याचा अंदाज आधीच घेतात. सुट्टीला निघताना बॅग भरतानाही माझं हेच होतं. परतीची बॅग कधी बंद झालेली नाही.

आपल्या भाषेत मिटणं हे फार कामाचं क्रियापद आहे. डोळे मिटतात, पुस्तक मिटतं, भांडण मिटतं, आणि लिहिलेलं अक्षरही मिटतं. तिकिटं मिटली होती आणि अल्बम मिटत नव्हता. दोन्हीचा त्रास मला सारखाच होत होता. शब्दकोश ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्बम शब्दकोशासकट तिरपा. शेवटी लाल रिबीन काढली आणि करकचून बांधली. फोटोत पाहणाऱ्याला ती सजावट वाटते.

“सोडून ठेवा हो ती,” बायको म्हणाली. “सारखी गाठ कोण सोडणार? असू दे उघडा.”

म्हणून तो बैठकीच्या खोलीत फळीवर उघड्या तोंडाने पडलेला असतो. त्याचा एक परिणाम मी योजलेला नव्हता. फोनमधले आठशे बारा फोटो मुद्दाम कोणी बघत नाही. पण जबडा उघडून पडलेली वस्तू दिसली की जाता-येता हात जातोच. आणि तो उघडतो नेहमी एकाच पानावर, सगळ्यात जाड, होडीच्या. काही दिवसांनी माझ्या पेन्सिलीखाली निळ्या पेनाने बायकोचं अक्षर दिसलं : ‘अर्धा तास नाही, तास. अर्धा तास तर आपण जागच्या जागी गोल फिरत होतो.’

मी खाली लिहिणार होतो की वारा होता म्हणून. नाही लिहिलं.

मग सुट्टीला मुलगी आली. आल्या आल्या पिशवीचं पान काढून तिने मला ऐकवायचं ते ऐकवलं, खोक्यातली कात्री बोथट केली म्हणून वेगळं ऐकवलं. रात्री खोलीत बराच वेळ दिवा होता. सकाळी पाहिलं तर होडीच्या पानावर कोरं तिकीट होतं तिथेच, आणि त्याच्या शेजारी फोम टेपवर उचलून चिकटवलेली पिवळी चिठ्ठी : ‘तुम्ही दोघं फोटो काढत होतात. पेडल मी एकटी मारत होते.’

मी पट्टी आणून तोंड मोजलं. 38चं 40 झालं होतं.